आधी स्टॉपर घे गा!

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गावात फुटबॉलची टीम निघाली की तिच्याबरोबर एक मामा निघतो. जर्सी, नेट, बॉल हे सगळं नंतर येतं; मामा आधी हजर. तो टीममधल्या कुणाचा सख्खा मामा असतोच असं नाही, पण सगळे त्याला मामाच म्हणतात आणि तोही प्रत्येकाला भाच्यासारखाच बोलतो, म्हणजे अपमान करूनच. वय पन्नाशीच्या पुढं. गुडघ्याला बारमाही क्रेप बँडेज. ते दुखण्यासाठी नसतं, कुणीतरी "मामा, हे कधी लागलं?" असं विचारावं म्हणून असतं. विचारलंत तर अर्धा तास गेला. त्यात गोव्याची एक टीम येते, धो धो पाऊस येतो, आणि शेवटी एक आंधळा रेफरी येतो. रेफरी प्रत्येक वेळी तोच, पाऊस मात्र दर वर्षी वाढतो.

पूर्वी या मामाला फारसं काम नसायचं. टीम गल्लीची, पोरं गल्लीची, त्यामुळं निवड अशी काही नव्हतीच. पळणारा पुढं, न पळणारा मागं, जाडा गोलात आणि ज्याचा बॉल तो कॅप्टन. मग क्रिकेटमधली प्रीमियर लीगची साथ फुटबॉललाही लागली आणि गावोगावी खेळाडूंचे लिलाव सुरू झाले. मंगल कार्यालयाचा हॉल, पडद्यावर खेळाडूंचे पासपोर्ट फोटो, समोर गोल टेबलांवर संघमालक. मालकांत एक बांधकाम कॉन्ट्रॅक्टर असतो, एक सराफ असतो, आणि एक जण पुढच्या निवडणुकीला उभा राहणार असतो. प्रत्येकाला ठरावीक पॉइंट मिळतात आणि त्यातून अख्खी टीम उभी करायची असते. आता प्रश्न असा, की हातातले पॉइंट आधी कुणावर घालायचे? गोलकीपरवर, स्टॉपरवर, मिडफिल्डवर की स्ट्रायकरवर?

मालकाला यातलं काही कळत नाही, हे मामाला कळतं. मामाचा उदय इथं झाला.

वरवर पाहता मामाचं मत भूगोलावर ठरतं. तवंदीचा घाट हा आपल्या फुटबॉलशास्त्राचा जलविभाजक आहे असं माझं मत आहे. घाटाच्या अलीकडचा निपाणीचा मामा कोल्हापूर घराण्याचा. त्याचं काळीज शाहू स्टेडियमच्या गॅलरीत असतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण ही नावं तो कुलदैवतांच्या क्रमानं घेतो. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलच्या टीमा काढल्या, त्यामुळं तिथं समोरच्याला चितपट केल्याशिवाय सामना झाला असं वाटतच नाही. साहजिकच निपाणीच्या मामाचा कौल स्ट्रायकरला. "गोल मारणारा घे भावा, बाकीची दहा टाळकी कुठनंबी गोळा करता येत्यात!" त्यातून कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून पुढच्या फळीत खेळून दाखवलं. तेव्हापासून तर या मामापुढं बोलायची सोयच राहिलेली नाही.

घाट ओलांडून बेळगावात या. इथल्या मामाचं तोंड गोव्याकडं. चोर्ल्यातून खाली उतरलं की फुटबॉलचा मुलूख, आणि तिथल्या क्लबांचे सामने बघायला आपण ट्रकच्या टपावर बसून कसे गेलो, हे त्याचं पुराण. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभा राहिला की समोरच्या फॉरवर्डला गोल बारीक दिसायचा, असं तो सांगतो. पुढं भारताचा कॅप्टन झालेल्या माणसाबद्दल बोलतोय म्हटल्यावर आपण मान डोलावतो. हा मामा लेले मैदानाच्या कडेला उभा राहून "पास दे गा, पास! बॉल काय तुझ्या बाऽचा हाय काय?" असं ओरडत असतो. त्याला मिडफिल्ड पाहिजे, नाहीतर कीपर पाहिजे, थोडक्यात डोकं असलेला माणूस पाहिजे. कॅम्पातल्या मामाची तऱ्हा आणखी वेगळी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांना पहाटे पळताना बघत म्हातारा झालेला माणूस तो. त्याला जागेशी देणंघेणंच नाही. नव्वद मिनिटं पळणारा कुणीही आणा, उभा कुठंही करा.

पण दोन-चार हंगाम मामाच्या आसपास काढले की कळतं, भूगोल हा नुसता दाखवायचा असतो. मामाचं खरं मत गेल्या सामन्यातल्या शेवटच्या गोलानं ठरतं. मागच्या वर्षी सेमीफायनलला डाव्या बाजूनं गोल खाल्ला? मग यंदा लेफ्ट बॅकशिवाय जगात दुसरी जागा नाही. पेनल्टी बाहेर मारली? यंदा "थंड डोक्याचा माणूस" पाहिजे. ही काही मैदानावरची जागा नव्हे, पण मामाच्या वहीत तिचा वेगळा रकाना आहे. एकदा कीपरच्या हातातून बॉल निसटला, तर मामानं पुढच्या लिलावात उंची, वजन सोडून पोरांचे तळहात तपासले. जिथं मागच्या वेळी ठेच लागली तिथंच पॉइंट ओतायचे, हा त्याचा एकमेव सिद्धान्त. त्यामुळं टीम दर वर्षी नव्या ठिकाणी हरते. मामा त्यालाच प्रगती म्हणतो.

याला पुरावे विचारले की मामा इंडियन सुपर लीग काढतो. २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीनं सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं. त्याच लिलावात पुण्यानं युजीनसन लिंगडोह या मिडफिल्डरला १ कोटी ५ लाख मोजले. हंगाम संपला तेव्हा आठ टीमांत मुंबई सहावी आणि पुणे सातवं. "म्हंजे स्ट्रायकरबी गेला आणि मिडफिल्डबी गेलं!" मामा टेबलावर थाप मारतो. "म्हणून सांगालोय, आधी स्टॉपर घे." मग कुणीतरी आगाऊ पोरगं मोबाइल बघून सांगतं, की २०१७ च्या ड्राफ्टमध्ये जमशेदपूरनं नेमकं तेच केलं होतं. अनस एडाथोडिका, स्टॉपर, पहिल्या नंबरला, १ कोटी १० लाख. आणि जमशेदपूर पाचवं आलं, सेमीफायनल हुकली. मामा क्षणभर गप्प. मग शांतपणे म्हणतो, "पाचवं म्हंजे सहाव्याच्या वर न्हवं काय?"

या हिशोबाला उत्तर नाही. मी शोधून पाहिलं.

मामाचा एक खराखुरा भाचा अमेरिकेत आहे. बेळगावच्या प्रत्येक मामाचा असतोच. त्यानं एकदा फोनवर तिकडच्या ड्राफ्टची माहिती दिली. तिथल्या फुटबॉलमध्ये बॉल हातात धरून पळतात, हे ऐकून मामाचा निम्मा रस तिथंच गेला. पण पुढची गोष्ट ऐकून तो खुर्चीत सरळ झाला. आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात शेवटी आली, तिला तिथं पहिला खेळाडू निवडायचा मान! सलग तीन वर्षं तळाला बसलेल्या टीमच्या सल्लागाराला हे ऐकून काय वाटलं असेल, कल्पना करा. "मग आपण जगात पयल्या नंबरला होतो की रे!" त्यानं तीच पद्धत इथं आणायचा ठराव कमिटीपुढं ठेवला. कमिटीत विजेत्या टीमचे दोघं होते, म्हणून तो पडला.

भाच्यानं एक गोष्ट आणखी सांगितली होती. १९३६ साली तिकडं पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा फिलाडेल्फियाच्या टीमनं जे बर्वँगर नावाच्या पोराला अगदी पहिल्या नंबरला निवडलं. त्या वर्षीचा तो कॉलेजातला सगळ्यात मोठा खेळाडू. पण तो त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पगाराचं जमलं नाही, त्यानं सरळ नोकरी धरली. मामाला या गोष्टीचं हसू आलं नाही. त्यानं वही काढून काहीतरी लिहिलं. ते काय, हे पुढं येईलच.

मामाला खऱ्या अर्थानं अडवलं ते एकाच माणसानं. कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार, बोलायचे कमी. एकदा हॉटेलात मामा म्हणत होता, "स्टॉपर तो स्टॉपर, स्ट्रायकर तो स्ट्रायकर. जागा बदलली की माणूस वाया." सुभेदार म्हणाले, "जर्नेल सिंग." एवढंच. मग थांबून पुढचं सांगितलं. १९६२, जकार्ता, आशियाई स्पर्धा. भारताचा सगळ्यात भारी स्टॉपर, डोक्याला टाके पडलेले. कोच रहीमसाहेबांनी त्याला मागं न ठेवता थेट पुढं खेळवला. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा या स्टॉपरचा. दोन-एकनं सोनं आपलं.

हॉटेलात शांतता पसरली. मामानं चहा बशीत ओतला, प्यायला आणि म्हणाला, "जर्नेलला टाके पडले तर तेनं गोल मारला. आपल्या पोराला टाके पडले तर तेची आई येऊन आपल्याला मारंल. तेवढा फरक हाय, सुभेदारसाहेब."

लिलावाच्या रात्री मामाचं रूप बघण्यासारखं असतं. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत वही. शेजारी मालक म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. त्याला स्ट्रायकर हवाच आहे, कारण बॅनरवर त्याच्या फोटोशेजारी कीपरचा फोटो शोभणार नाही. पुकारणारा तीन भाषांत पुकारतो. मराठीत किंमत, कन्नडात विनोद, हिंदीत धमकी. मामा वहीत फोर-थ्री-थ्रीची आकृती काढून ठेवतो. स्पर्धा सात-सात खेळाडूंची आहे, हे त्याला कुणी सांगायला धजत नाही.

मामाचा आवडता डाव म्हणजे समोरच्याचे पॉइंट संपवणे. आपल्याला नको असलेल्या खेळाडूसाठी हात वर करायचा, किंमत चढवायची आणि ऐनवेळी खाली बसायचं. गेल्या खेपेस सराफाच्या टीमला कीपर हवा होता. मामा चढवत गेला. सराफ रोज सोन्याचा भाव बघणारा माणूस. कधी थांबायचं ते त्याला कळतं. तो मध्येच थांबला. "एक वार, दोन वार, तीन वार," आणि कीपर मामाच्या गळ्यात. एक कीपर आधीच घेतलेला होता. कॉन्ट्रॅक्टरचा चेहरा स्लॅब खचल्यासारखा झाला. मामा त्याच्या कानाला लागला: "सुम्म बस गा. दोन कीपर असले म्हंजे गोल बसतच नाही. मग स्ट्रायकर कशाला पायजे?"

इतकं असूनही मी मामाला मानतो, आणि त्याचं कारण त्या वहीत आहे. बाकीचे सल्लागार खेळाडूचं नाव, जागा, उजवा पाय की डावा एवढंच लिहून येतात. मामाच्या वहीत बर्वँगरनंतर दोन रकाने वाढले: 'शिफ्ट' आणि 'लग्न'. सामने संध्याकाळी सातला, लाइटखाली. उद्यमबागेतल्या फौंड्रीत सेकंड शिफ्टला असलेला पोरगा कितीही मोठा स्ट्रायकर असला तरी सात वाजता तो भट्टीसमोर असतो. सुट्टीवर आलेला जवान पहिल्या दोन सामन्यांत मैदान हादरवतो आणि सेमीफायनलच्या आदल्या दिवशी युनिटला परत जातो. इंजिनीअरिंगवाल्याची इंटर्नल निघते. बहिणीचं लग्न असलेला डिफेंडर मांडवात पाहुण्यांना अडवत असतो, आपल्या बॉक्समध्ये नाही. आमच्याकडच्या अर्ध्या टीमा जागा चुकल्या म्हणून हरत नाहीत, रजा चुकल्या म्हणून हरतात. हे मोठमोठ्या मालकांना कळलेलं नाही, मामाला कळलंय. मात्र तो ते कबूल करत नाही. तोंडानं स्टॉपर-स्टॉपरच चालू असतं.

त्या रात्रीही तसंच झालं. मामाच्या टीमकडं थोडेसे पॉइंट उरले होते आणि पडद्यावर एका सडपातळ पोराचा फोटो आला. स्ट्रायकर, डावखुरा, सुरुवातीला कुणीच न घेतलेला. कॉन्ट्रॅक्टरनं हात वर करायच्या आत मामा उठला आणि भर हॉलमध्ये पोराला विचारलं, "शिफ्ट कुठली तुझी?"

"फस्ट हाय मामा."

"आणि पुढच्या आठवड्यात?"

पोरानं मान खाली घातली. "सेकंड."

"एक वार," पुकारणारा म्हणाला. "दोन वार..."

"थांबा की वो जरा!" मामा खिशातला मोबाइल चाचपत स्टेजकडं निघाला. "सुपरवायझर कोण रे तुझा? नंबर दे. तोवर तिसरा वार कुणी मारू नका."