अक्कलदाढेच्या आधीचा अर्ज

पदवी हातात यायच्या आधी डेंटल कॉलेजला अर्ज करावा का, हा प्रश्न न्यू जर्सीतल्या मराठी घरात निघाला की जेवणं थंड होतात. तोच प्रश्न दिल्लीत, द्वारकेतल्या एखाद्या मराठी घरात काढा. लोक आधी तुमच्याकडे बघतील आणि मग विचारतील, ‘पदवी? ती कशाला?’

अमेरिकेतली रीत अशी, की आधी कॉलेज, मग चार वर्षं दात. बरीच मुलं कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतरच अर्ज टाकून मोकळी होतात, कारण प्रवेशाची प्रक्रियाच वर्षभर आधी सुरू होते. काही ठिकाणी पदवीवाचूनही घेतात, ठरावीक क्रेडिट पुरतात. रटगर्ससारख्या विद्यापीठात तर तीन वर्षं कॉलेज आणि चार वर्षं दात अशी जोडगोळीच मिळते. तरीही तिथल्या आया काळजीत: पोर एकविसाव्या वर्षी एवढा मोठा निर्णय घेतंय, घाई तर होत नाहीये ना?

दिल्लीत ही काळजी नाही. इथे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण झाली की पोर पात्र. अक्कलदाढ सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान कधीतरी उगवते. ती काढणार कोण, हे मात्र ती यायच्या आधीच ठरलेलं असतं. आणि पदवीचं काय घेऊन बसलात, इथे बारावीसुद्धा पुरी व्हावी लागत नाही. मेडिकल-डेंटलच्या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे नीटच्या अर्जात ‘बारावीला बसलेला’ असा वेगळा कोडच आहे. २०२५ साली नीट झाली ४ मे रोजी आणि सीबीएसईचा बारावीचा निकाल लागला १३ मे रोजी. म्हणजे डॉक्टरकीची परीक्षा आधी, शाळा पास झाल्याची बातमी नंतर.

शाळा तरी कुठे होती म्हणा! नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईने दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. त्यातल्या सोळा दिल्लीच्या. गुन्हा एकच: पटावर पोरं, वर्गात बाकं. पोरं कुठे होती हे कोणालाही विचारा, कालू सरायच्या किंवा पुसा रोडच्या कोचिंग क्लासचा पत्ता मिळेल. डमी शाळेतून बारावी न संपवता पुढचा अर्ज, अशी ही घडी आहे. अशा घरात ‘आधी पदवी तरी पूर्ण कर’ म्हणणारे काका परग्रहावरून आल्यासारखे दिसतात.

आता खरी गंमत. हा अर्ज दातांसाठी नसतोच. नीटचं गुणपत्रक एकच. त्यावर एमबीबीएसही मिळतं आणि दातांचं बीडीएसही. दातांचा डॉक्टर व्हायचंय म्हणून कोचिंगला पैसे भरणारं घर मला अजून भेटायचंय. चॉइस फिलिंगच्या, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या रात्री लॅपटॉपभोवती अख्खं कुटुंब बसतं. मौलाना आझाद, मग यूसीएमएस, मग सफदरजंगचं कॉलेज, अशी यादी उतरत उतरत खाली येते आणि पहाटे दोन वाजता वडील म्हणतात, ‘खाली बीडीएसपण टाकून ठेव, असू दे.’ त्या ‘असू दे’वर पोराची पुढची पाच वर्षं जातात. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप.

बहादूरशाह जफर मार्गावर या ‘असू दे’चा भूगोल पाहायला मिळतो. मौलाना आझादांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आणि मौलाना आझादांच्याच नावाची दंतविज्ञान संस्था, दोन्ही एकाच आवारात. डेंटलची संस्था देशातल्या नावाजलेल्यांपैकी. पण शेजारणीला सांगताना आई नुसतं ‘मौलाना आझादला लागला’ म्हणते आणि चटकन भाजीच्या भावाकडे वळते.

बरं, गुणांचं म्हणाल तर पात्रता पन्नास पर्सेंटाइल. ऐकायला वाटतं की निम्मे मार्क. २०२५ साली खुल्या गटाची ही रेषा ७२० पैकी १४४ वर येऊन थांबली. टक्क्यांत वीस. एवढ्यावर सरकारी कॉलेज मिळत नाही हे उघड आहे. मिळते ती खासगी कॉलेजची खुर्ची, जिथे उरलेले गुण वडील भरतात. त्याही खुर्च्या भरत नाहीत. २०२०-२१ साली देशभरात बीडीएसच्या सात हजारांवर जागा रिकाम्या राहिल्या. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितली आणि खासगी कॉलेजांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असंही सुनावलं. रेषा खाली आली. फीने कितपत मनावर घेतलं, ते फरिदाबाद किंवा ग्रेटर नोएडाच्या कॉलेजात पोर घातलेल्या कोणत्याही बापाला विचारा.

एनसीआर, म्हणजे दिल्ली आणि भोवतालचा परिसर, हे एकच शहर आहे असा समज ब्लू लाइनच्या मेट्रोत बसल्यावर होतो. प्रवेशाच्या वेळी तो उतरतो. द्वारका दिल्लीत, नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात. एकच कोचिंग, एकच टेस्ट सिरीज, पण तिघांचे कोटे तीन. दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांतल्या दिल्लीकरांच्या राखीव जागांसाठी अकरावी-बारावी दिल्लीतल्याच शाळेतून हवी. फ्लॅट स्वस्त मिळाला म्हणून इंदिरापुरमला गेलेल्या आणि तिथल्याच शाळेत पोर घातलेल्या मराठी कुटुंबाला हे बारावीनंतर समजतं. मग आठवतो महाराष्ट्र. तिथे डोमिसाइल तर हवंच, शिवाय दहावी-बारावीही तिथलीच हवी. सवलत काही मोजक्यांना. दहावीपर्यंत दिल्लीच्या नूतन मराठी शाळेत शिकलेलं, गणपतीला पहाडगंजच्या मंडळात नाचलेलं पोर प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कुठलंच नसतं.

ज्याला पहिल्या फेरीत काही लागत नाही, तो ‘ड्रॉप’ घेतो. पण नुसतं घरी बसलं की नातेवाईक विचारतात, म्हणून नावाला दिल्ली विद्यापीठात बीएस्सी. हिंदू, हंसराज, किरोडीमल, मिळेल तिथे. झूऑलॉजीचा वर्ग ही या मुलांची प्रतीक्षालयातली खुर्ची: बॅग मांडीवर, लक्ष फलाटावर. यात बेकायदेशीर काही नाही. उलट बीडीएसच्या नियमांनीच ही वाट उघडी ठेवली आहे. विज्ञानाच्या पदवीचं पहिलं वर्ष भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन पास झालेला पात्र, आणि पूर्ण बीएस्सी झालेलाही पात्र. तेव्हा अर्धवट पदवी हा आपल्याकडे अडथळा नव्हे, पात्रतेचं एक कलम आहे. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठात चार वर्षांची पदवी आली. एका वर्षात सोडलं तरी हातात सर्टिफिकेट! पळून जाणाऱ्याला शाल-श्रीफळ देणारी ही जगातली दुर्मीळ व्यवस्था असावी.

मला राग आहे तो यानंतरच्या भागाचा. २०२४ साली दिल्ली विद्यापीठाचं पहिलं वर्ष २९ ऑगस्टला सुरू झालं. नीटचं काउन्सेलिंग मात्र फेरीमागून फेरी करत दिवाळीपर्यंत रेंगाळतं. यूजीसीने त्या वर्षी फी परतीची मुदतही ऐसपैस दिली: ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण पैसे परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापायचे. पालकांच्या खिशाच्या दृष्टीने उत्तमच. पण दिवाळीच्या तोंडावर झूऑलॉजीची जी जागा सुटते, ती भरणार कोण? जिला प्राणिशास्त्रच शिकायचं होतं, ती लातूरची किंवा दरभंग्याची मुलगी तोवर तिच्या गावच्या कॉलेजात सहामाही देत असते. तुमच्या पोराच्या ‘बॅकअप’ची किंमत ती मोजते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

बीडीएसला गेलेल्या पोराचं पुढचंही ठरलेलं आहे. बीडीएस झालेल्यांतले बरेचजण एमडीएसच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करतात. काहीजण अमेरिकेला जातात आणि तिथे परवान्यासाठी पुन्हा दोन-तीन वर्षं डेंटल स्कूलच्या बाकावर बसतात. काही सरळ ओल्ड राजिंदर नगरची खोली गाठतात. यूपीएससीला पदवी लागते, ती बीडीएसनेही भागते. आणि तिथेही शेवटच्या वर्षाला असतानाच पूर्वपरीक्षेला बसता येतं. या शहरात माणूस जिथे आहे तिथे कधी नसतोच. तो पुढच्या फॉर्मच्या ओटीपीची वाट पाहत असतो.

सतराव्या वर्षी दातांचा डॉक्टर व्हायचं ठरवणं वाईट नाही. पाच वर्षांत हाताला कसब येतं, अमेरिकेतल्या पोराच्या वाटेतली दोन-तीन वर्षं वाचतात, कर्जही तुलनेने कमी. मुद्दा ठरवण्याचा आहे, आणि इथे ते कोणी ठरवत नाही. यंदा चॉइस फिलिंगच्या आधी पोराला सकाळी मौलाना आझादच्या दातांच्या ओपीडीत घेऊन जा. तुमचीच किडलेली दाढ दाखवा आणि त्याला शेजारी उभं करा. ड्रिलचा आवाज, लाळ, रांग, वाकलेली पाठ, सगळं बघू दे. त्यानंतरही हो म्हणाला तर बीडीएस यादीत वर टाका, तळाशी नको. आणि दिल्ली विद्यापीठातली जागा सोडायचीच असेल, तर कृपा करून ऑगस्टात सोडा.