हमीवाले सर, स.न.वि.वि.

माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव

आदरणीय हमीवाले सर यांस,

पत्रास कारण की, आमच्या गावात तुमचा नवा फ्लेक्स लागलाय. त्यावर तुम्ही कोट घालून, हाताची घडी घालून उभे आहात आणि पायाशी लिहिलंय, ‘नवोदय प्रवेश, 100 टक्के हमी’. भोवती लेकरांचे पासपोर्ट आकाराचे फोटो. त्यातल्या एका पोरीला मी आणखी दोन क्लासच्या फ्लेक्सवर पाहिलं. एकाच वर्षी तीन क्लासमधून एकाच शाळेला लागली म्हणजे पोरगी खरोखरच हुशार असणार.

तुमचं नाव इथं घालत नाही. तुमच्यासारखे तालुक्या-तालुक्याला आहेत, आणि प्रत्येकाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटलं तर माझं काम झालं.

आधी गणित. नवोदयच्या पेपरात गणिताचे 20 प्रश्न असतात. तुम्हाला एकच घालतो. धाराशिव जिल्ह्याला जवाहर नवोदय विद्यालय एकच, तुळजापूरचं. सहावीला जागा जास्तीत जास्त 80. जिल्ह्यात तालुके आठ. तालुक्यागणिक हमीवाले किती आणि एकेकाच्या बॅचला लेकरं किती, हे तुम्ही मांडा. मग सांगा, सगळ्यांची हमी खरी ठरली तर तुळजापुरात पोरं झोपवायची कुठं? उत्तर तुम्हाला येतं, म्हणून तर फ्लेक्सच्या तळाला मुंगीच्या अक्षरात ‘अटी लागू’ छापलंय. वर्षात एकही खाडा नको, सगळ्या सराव पेपरांत 90 च्या वर गुण हवेत, आणि तरीही निवड झाली नाही तर फी परत. सर, सगळ्या पेपरांत 90 च्या वर जाणाऱ्या लेकराला तुमची गरज काय?

ही शाळा निघाली कशासाठी, त्याचीही आठवण करून देतो. खेड्यातलं हुशार लेकरू बापाच्या परिस्थितीमुळं मागं राहू नये, म्हणून 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदय आली. त्याच्या आगेमागे प्रयोग म्हणून ज्या पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, त्यातली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना. राहणं-खाणं, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं. अर्जाला पैसे नाहीत, परीक्षेला पैसे नाहीत. एवढी फुकटची गोष्ट रस्त्यावर उघडी पडलेली बघून तुमचा जीव कासावीस झाला असणार. म्हणून मध्येच तुम्ही आपलं फाटक उभं केलंत आणि पावती पुस्तक घेऊन बसलात.

आणि त्या फाटकाशी येतो कोण? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा हा पट्टा भूकंपानं हलला. आज ज्यांचं लेकरू पाचवीला आहे, त्यातले कितीतरी बाप तेव्हा स्वतःच शाळेच्या वयाचे होते. कुणाची शाळा पुढं पत्र्याच्या शेडात भरली, कुणाची तिथंच सुटली. चांगल्या इमारतीतली, वसतिगृह असलेली, केंद्र सरकारची शाळा आपल्या पोराला मिळू शकते म्हटल्यावर असा माणूस घासाघीस करत नाही. सोयाबीनची पट्टी हातात पडली की आडतीवरून तो सरळ तुमच्याकडं येतो. तुम्ही नोटा मोजता आणि म्हणता, “पोरात दम हाय, फक्त निवासी बॅचला टाका.” एवढ्या वर्षांत ‘याच्यात दम नाही’ असं तुम्ही कुणाच्या बापाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

असो. वर्षभर शिकवलंत, ते मान्य. आकृत्या, आरशातली प्रतिमा, कागदाला घडी घालून पाडलेली भोकं, सगळं घोटून घेतलंत. राहिला तो परीक्षेचा दिवस. तो तुमच्या अभ्यासक्रमात नव्हता, कारण त्याची वेगळी फी लावता येत नाही.

यंदाच्या प्रवेशाची परीक्षा 13 डिसेंबर 2025 ला, शनिवारी झाली. भाचीला घेऊन मी केंद्रावर होतो, त्यामुळं तुमची त्या दिवशीची कामगिरी डोळ्यांनी बघितली. पेपर साडेअकराचा. तुमचं फर्मान सुटलेलं, सकाळी सातला फाटकासमोर हजर. का, तर ग्रुप फोटो. चाळीसेक लेकरं, थंडीचे दिवस, आणि स्वेटर काढून वरती तुमच्या क्लासचा टी-शर्ट. पाठीवर तुमचा मोबाइल नंबर. फ्लेक्स खांबाला बांधायला पैसे लागतात, दहा वर्षांचं पोरगं स्वतःच्या पायानं हिंडतं, हे तुम्हाला बरोबर सुचलं.

फोटो झाल्यावर तुम्ही झेरॉक्स वाटलीत, ‘अंतिम 100 प्रश्न’. लेकरं मातीत मांडी घालून बसली. एका पोरानं तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सर, हे आपण घेतलंच नव्हतं.” तुम्ही फोनवर होता. त्याची आजी वाटीत दहीभात कालवून घेऊन बसली होती. “खा रं माझ्या राजा, दोन घास तरी,” म्हणत ती वाटी पुढं करायची, आणि पोरगं कागदावरची मान न उचलता डोकं हलवायचं. शेवटी दोन घास गिळले, आणि साडेदहाला त्यानं तोच भात ओकून टाकला. तुम्ही तेवढ्यात येऊन पाठीवर थाप मारलीत आणि धीर दिलात, “बापाची मान खाली जाऊ देऊ नको.” काय बोललात सर. दोन तासांच्या पेपराला बसायच्या आधी लेकराच्या मानेवर घरदार चढवून ठेवलंत.

पेपर सुटल्यावर तेच पोरगं माझ्याजवळ येऊन बसलं. त्याच्या कंपासमध्ये दोन पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, सगळं नीट लावलेलं होतं. पेन नव्हता. तो पर्यवेक्षक बाईंनी दिला. उत्तरपत्रिकेवरचं वर्तुळ निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं रंगवायचं असतं, पेन्सिल चालत नाही, आणि एकदा रंगवलं की बदलता येत नाही, एवढं सांगायला वर्षभरात तुम्हाला एक तास सापडला नाही. सराव पेपरात तुम्ही उत्तराला नुसती खूण करून घेत होता. वर्तुळांचा कागद छापायला खर्च येतो ना. त्यानं 17 वा प्रश्न अवघड वाटला म्हणून सोडला आणि 18 व्याचं उत्तर 17 व्या ओळीत रंगवलं. तिथून पुढं सगळं एकेक ओळ वर सरकत गेलं. गणितात शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं. “मामा, बरोबर उत्तरं चुकीच्या घरात गेली,” म्हणाला. माझा तो भाचा नव्हे, पण मामा म्हणाला.

दुसरी एक मुलगी येत नव्हते ते प्रश्न कोरे ठेवून आली, कारण ‘चुकलं की मार्क कापतात’ असं तुम्ही सांगितलं होतं. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. 80 प्रश्न, 100 गुण, म्हणजे प्रश्नाला सव्वा गुण. शेवटची पाच मिनिटं उरली की राहिलेली वर्तुळं अंदाजानं का होईना भरून टाकायची असतात. हे माहितीपत्रिकेत वाचायला मिळतं. तुम्ही ती वाचली नसेल असं मी म्हणत नाही. टी-शर्टच्या मापांत वेळ गेला असेल.

तर सर, तुमचा धंदा जरा मंदावेल अशा आशेनं जे तुम्ही शिकवलं नाही ते इथं फुकट लिहितो, तुमच्या पालकांनीही वाचावं.

लेकरू वर्षभर रात्री जागून अभ्यास करतं आणि पेपर असतो भर दुपारचा, साडेअकरा ते दीड. शेवटच्या पंधरवड्यात घरी त्याच वेळेला, घड्याळ लावून, न उठता दोन तास बसवायचं. शेतातल्या कामाच्या दिवसांत हे अवघड असतं, पण रविवारी जमतं. बुद्धिमत्तेला 40 प्रश्न आणि एक तास, गणित नि भाषेला 20-20 प्रश्न आणि अर्धा-अर्धा तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. एका आकृतीत पोरगं अडकून बसलं तर पुढच्या चार सोप्या आकृत्या जातात. ‘सोड आणि पुढं जा’ ही सवय लावावी लागते, कारण शाळेत आपण बरोबर उलटं शिकवतो. आणि सोडला प्रश्न की त्याची ओळही सोडायची. बोट ओळीवर ठेवायचं, नंबर तोंडातल्या तोंडात म्हणायचा, मग रंगवायचं.

प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढून ठेवायच्या, एक पिशवीत, एक माणसाच्या खिशात. आदल्या रात्री लोहाऱ्यातलं झेरॉक्सचं दुकान उघडं असेल या भरवशावर राहू नये. पेपर कोणत्या भाषेतून हे अर्जातच ठरतं. सगळ्या बॅचचे अर्ज एका दमात भरणाऱ्या तुमच्या पोऱ्यानं मराठीच्या जागी काय निवडलं, ते अर्ज भरल्याच्या दिवशीच पाहायचं. केंद्र कुठं, वर्ग कोणत्या बाजूला, हे आधी एकदा जाऊन बघून यावं. डिसेंबरात आमच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं चाललेले असतात. त्यांच्या मागं एसटी अडकली की ना पुढं जाता येतं ना मागं. त्यासाठी तास-दीड तास हाताशी ठेवावा. चार तास नव्हे.

खायला रोजचंच द्यावं. भाकरी खाणाऱ्याला भाकरी, पोहे खाणाऱ्याला पोहे. शिरा-पुरीचा थाट निकालाला करता येतो. बरोबर एक मोठं माणूस पुरे. जीप भरून भावकी आली की लेकराला परीक्षा कमी आणि वरात जास्त वाटते. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी लेकरं ऊसतोडीच्या हंगामात आजी-आजोबांकडं असतात. आई-बाप फडावर, पेपर त्याच दिवसांत. अशा लेकराबरोबर केंद्रावर कोण जाणार, हे शाळेतल्या गुरुजींनी आणि शेजाऱ्यांनी महिनाभर आधी विचारून ठेवावं. आणि पेपर सुटल्यावर ‘किती बरोबर आले?’ हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. भाचीला मी फक्त भूक लागली का विचारलं. तिनं वडापाव मागितला.

तुमच्या आणखी दोन कलांचा उल्लेख राहू नये. ही परीक्षा एका लेकराला एकदाच देता येते, आणि ते पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं. ग्रामीण जागा मिळावी म्हणून तुम्ही शहरातल्या पोराचं नाव खेड्यातल्या पटावर चढवता आणि तो दिवसभर बसतो तुमच्या हॉलमध्ये. ग्रामीण जागा अशानं ग्रामीण पोराच्याच हातून जाते. दुसरी कला, तयारी कमी वाटली की पोराला एक वर्ष मागं ठेवण्याचा सल्ला. नऊ-दहा वर्षांच्या लेकराचं एक वर्ष तुम्ही पुढच्या फ्लेक्ससाठी राखून ठेवता, याला धाडस लागतं.

निकालानंतर ज्यांची निवड झाली त्यांचे फोटो फ्लेक्सवर जातात. बाकीच्यांचा तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून त्यांच्यासाठीही मीच लिहितो. नवोदयमध्ये रिकाम्या जागांसाठी नववीला आणि अकरावीलाही परीक्षा होते. आठवीला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि लेकरू जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती नवोदयच्या मुलांना लागू नाही, गावच्या शाळेत राहिलेल्यांना आहे. तुम्ही हे सांगत नाही, कारण ‘नवोदय नाही तर काहीच नाही’ एवढ्या एका वाक्यावर तुमची बॅच भरते.

आमच्या भागात असे गुरुजी-बाई आहेत जे शाळा भरायच्या आधी तासभर येऊन पाचवीच्या लेकरांचे नवोदयचे जादा तास घेतात, एक पैसा न घेता. त्यांचे फ्लेक्स नसतात. त्यांचं एखादं पोरगं लागलं की आठ दिवसांत त्याचा फोटो तुमच्या फ्लेक्सवर झळकतो, ‘मार्गदर्शन : आमचेच’. निदान तेवढं तरी थांबवा. आणि त्या ओकलेल्या पोराच्या बापाला फी परत करा. त्याचा एकही खाडा नव्हता. अट त्यानं पाळलीय, तुम्ही राहिलात.

कळावे, लोभ आवरावा.

आपला नसलेला,
माकणीचा एक मामा

ता. क. पालकांसाठी : पुढच्या वर्षीचा अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर निघाला की आधी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडं जा. अर्जासोबतच्या प्रमाणपत्रावर सही त्यांची लागते, कुठल्याही क्लासची नाही.