देखभालीपुरती गाडी

फियाटकाकांना कुणी लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलं की ते मुहूर्त नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘‘कार्यालयाच्या दारात उतार आहे का?’’ उतार असेल तर काका-काकू फियाटमधून हजर. सपाटी असेल तर आहेर रिक्षाने येतो. पर्यटकांना हे बावन्न दरवाजांचं शहर म्हणून दाखवतात, पण काकांच्या डोक्यातला नकाशा निराळा. त्यात फक्त उतार आणि गॅरेजं आहेत. लेण्यांकडून मकबऱ्याकडे येणारा रस्ता उत्तम, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की काम फत्ते. क्रांती चौकात उड्डाणपूल झाला तेव्हा लोक म्हणाले, आता वाहतूक सुटेल. काका म्हणाले, सरकारने पहिल्यांदाच माझा विचार केला.

गाडी 1956 ची, डुक्कर फियाट. कागदावर नाव भारदस्त आहे, अकराशे-एकशेतीन, पण समोरून नाकाड पाहिलं की टोपणनावाचा खुलासा मागावा लागत नाही. इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टेअरिंगपाशी, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. चालत्या गाडीत दार निसटलं तर वारा ते मिटत नाही, सताड उघडतो. म्हणून काकूंनी आपल्या बाजूच्या दाराला परकराची नाडी बांधून घेतली आहे. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तो 1 नोव्हेंबर 1956 ला आणि त्याच वर्षी ही गाडी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. काका हे अशा सुरात सांगतात, की दोन्ही घटनांमागे त्यांच्या वडिलांचाच हात असावा.

आमच्या गल्लीत काकांची स्वारी निघायची पद्धत ठरलेली आहे. आधी बॉनेट उघडतं. मग काका पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाची तरफ हाताने मारतात, चोक ओढतात, किल्ली फिरवतात आणि कान लावतात. गाडी गुरगुरते, खोकते, निळा धूर सोडते. समोरच्या घरातल्या खिडक्या लागतात. तोवर शाळेला निघालेली दोन-चार पोरं दप्तरं भिंतीशी ठेवून मागे उभी राहिलेली असतात. या गल्लीतल्या पोरांना सायकल यायच्या आधी धक्का मारता येतो.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर जायकवाडीच्या पाण्याचा हिशेब ठेवला, आता त्यांच्याच घरच्या नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी येतं. आलं की पहिली बादली रेडिएटरची. काकू म्हणतात, ‘‘माझ्या तुळशीला थेंब नाही आणि ह्यांच्या सवतीला आंघोळ!’’ पण काकांचाही नाइलाज आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचायच्या आधीच नळीत उकळायला लागतं. पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढतो आणि इंजिन गप्प होतं. याला व्हेपर लॉक म्हणतात. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट बघायची. घरी पाहुणे आले की काका त्यांना वेरूळला नेतात. दौलताबादच्या दरवाजातून गाडी दिमाखात निघते आणि पुढे खुलताबादच्या घाटात बसते. मग फडकं, बाटलीतलं पाणी, आणि पाहुण्यांना इतिहास. काकांच्या एका व्याह्यांनी तीनदा प्रयत्न करूनही अजून कैलास लेणं पाहिलेलं नाही. भद्रा मारुतीपर्यंत मात्र ते दरवेळी पोचले. तिथला देव झोपलेला आहे, काका समजूत घालतात, त्याला गाडी झोपल्याचं वाईट वाटत नाही.

काकांचं खरं सासर जुन्या शहरातल्या एका गॅरेजात आहे. तिथले मिस्त्री काकांपेक्षा वयाने मोठे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि लाकडी मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात. डॉक्टरकडे नाडी दाखवताना होत नाही एवढी शांतता तेव्हा पसरते. ‘‘टप्पेट बोल रहा है साब,’’ निदान येतं. ‘‘निकालना पडेंगा?’’ काका आशेने विचारतात. मिस्त्री म्हणाले ‘नक्को’, तर काकांचा चेहरा उतरतो. म्हणाले ‘हौ’, तर लगेच चहा सांगितला जातो. दोघांना एकमेकांची नातवंडं किती ते माहीत नाही. मात्र 1988 साली क्लच प्लेट बदलली तेव्हा पाऊस होता की नव्हता, यावर त्यांचं भांडण होऊ शकतं.

सुट्या भागांसाठी काका मुंबईला जातात. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी बाद झाली. तिथली माणसं हळहळली, काहींनी शेवटच्या टॅक्सीबरोबर फोटो काढले. काकांनी त्या दिवशी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांना फोन लावले. पद्मिनीचं इंजिन याच घराण्यातलं, 1089 सीसीचंच. तेराव्यापर्यंत थांबलं तर गिअरबॉक्स दुसराच कुणीतरी नेईल, हे काकांना कळत होतं.

आमच्या गावाला गाड्यांचं वावडं नाही. वाळूजला बजाज 1985 पासून आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे, आणि 2010 साली इथल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेऊन देशभर नाव काढलं. त्या आठवड्यात काका फार अस्वस्थ होते. हेवा नव्हता, कणव होती. ‘‘दीडशे गाड्या, आणि एकीचंही बॉनेट मालकाला उघडता यायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘बिघडली तर करायचं काय? नुसतं बसायचं?’’

मध्यंतरी एका वकील शेजाऱ्याने त्यांना डिवचलं. इंग्लंडात 1930 पर्यंतच्याच गाडीला व्हिंटेज म्हणतात, तुमची नुसती जुनी. काका तडक घरात गेले आणि 2021 ची केंद्राची नियमावली घेऊन आले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. वकिलाने पुढचं कलम वाचलं: अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांपुरतीच चालवता येईल. वकिलाला वाटलं, काका हबकतील. काकांनी चष्मा पुसला. ‘‘अहो, मग मी आजवर दुसरं काय केलंय?’’

खरंच होतं. ती गाडी एक तर पेट्रोल पंपावर जाते किंवा गॅरेजात. घाटातलं सगळं तांत्रिक संशोधनात बसतं. अर्ज तेवढा अजून कपाटातच आहे, कारण ‘मूळ रूप’ हे दोन शब्द काकांच्या घशात अडकतात. अल्टरनेटर मारुतीचा आहे, भोंगा ट्रकचा, मागची सीट एका टेम्पोतून आलेली. ‘‘आत्मा मूळ आहे,’’ काका म्हणतात, आणि आरटीओच्या फॉर्मात आत्म्याचा रकाना नाही.

गेल्या हिवाळ्यात भलताच प्रसंग आला. मिस्त्रींच्या भाच्याने कार्बोरेटर साफ केला, पॉइंट-कंडेन्सर नवे टाकले, आणि गाडी बिघडेचना. सकाळी अर्ध्या किल्लीत सुरू. काका चार दिवस खूश होते, पुढे त्यांची भूक गेली. धक्का मारणारी पोरं रिकामी घोटाळायची. एका रविवारी सकाळी पाहिलं तर ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर फ्लोट, जेट, स्प्रिंगा मांडलेल्या आणि काका शीळ घालताहेत. ‘‘काय झालं काका?’’ ‘‘काही नाही रे. म्हटलं, न बिघडण्याचं कारण काय ते बघावं.’’

त्यांना कारण सापडलं असावं, कारण पुढच्याच महिन्यात मर्सिडीजवाल्या एका उद्योजकाने मुलीच्या वरातीसाठी फियाट मागितली तेव्हा ती पुन्हा पूर्वपदावर आली होती. भाडं घेणं नियमात बसत नाही, काकांनी बजावलं, मी प्रात्यक्षिक म्हणून येतो. फुलांनी मढलेली गाडी मोंढा नाक्याच्या पुढे बंद पडली. बँडवाल्यांनी सूर बदलला नाही. फेटे बांधलेल्या चार पोरांनी मागून खांदा लावला, नवरदेव दार धरून बसला, आणि वरात अशी कार्यालयापर्यंत गेली. उद्योजक खजील होऊन पाकीट काढायला लागले, ‘‘काका, तुम्हाला फार त्रास झाला, काहीतरी घ्याच.’’

काका घाम पुसत म्हणाले, ‘‘पैसे राहू द्या हो. त्या फेटेवाल्या चार पोरांचे मोबाईल नंबर तेवढे द्या.’’