आधी परग्रह, मग बीड

1995 साली ‘द डिग’ नावाचा संगणकावरचा खेळ आला. मूळ कल्पना स्टीव्हन स्पीलबर्गची. पृथ्वीवर आदळायला निघालेल्या लघुग्रहाची वाट बदलायला अंतराळवीर जातात आणि बघतात तर आत पोकळी. लघुग्रह कसला, परग्रहवासीयांचं बेवारस यान! तिथे धातूचे तुकडे जागच्या जागी बसवले, की स्वारी थेट परक्या ग्रहावर. भूसंपादन नाही, वाढीव मोबदल्याचा दावा नाही, केंद्र-राज्याचा निम्मा-निम्मा वाटा नाही.

त्याच 1995 मध्ये अहमदनगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली. अंतर 261 किलोमीटर. इथेही बसवायचं होतं ते लोखंडच. गाडी 2022 मध्ये आष्टीला आली आणि 17 सप्टेंबर 2025 ला बीडला. तोवर नगरचं अहिल्यानगर झालं होतं. परळी ही पुढची लेव्हल.

खेळ मध्येच सोडला तर सेव्ह करून ठेवता येतो. आमच्याकडे दर निवडणुकीला तोच सेव्ह केलेला खेळ उघडायचे, दोन भाषणं खेळायचे आणि परत मिटून ठेवायचे. ऊसतोडीला जाणारे मात्र दसरा झाला की ट्रकमध्ये बिऱ्हाड चढवून निघत. रेल्वेचं वेळापत्रक विचारायची त्यांना सवयच नव्हती.