उलटं करून बघू

बारामतीजवळच्या आमच्या कन्हेरीत तात्यांच्या घरी जाणाऱ्यानं चपला बाहेर काढाव्यात आणि थोडा वेळ त्यांना विसरून जावं. चोरी होत नाही, पण निघताना त्या पालथ्या सापडतात. तुम्ही आत चहाची बशी तोंडाला लावेपर्यंत तात्यांनी तळ, टाच, शिवण सगळं पाहून घेतलेलं असतं. उलट्या चपलेनं घरात भांडणं लागतात, असं काकी चाळीस वर्षं सांगतायत. त्यात खोटं काही नाही. फक्त भांडण चपलेमुळं लागत नाही, तात्यांच्या निकालामुळं लागतं. "पाव्हणं, केवढ्याला घेतली? फसवलं बघा तुमाला."

तात्या मूळचे फोल्डिंगवाले. गिरणगावातल्या एका गिरणीत मागावरून आलेलं कापड टेबलावर पसरायचं, डाग, गाठ, सुटलेला धागा दिसला की खडूनं खूण करायची, हे त्यांचं काम. चांगला माल ताग्यात जायचा, तुकडा पडला तर तो फेंट आणि त्याहून बारीक ती चिंधी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आठ-पंधरा दिवसांत मिटंल म्हणून तात्या एक पिशवी घेऊन गावी आले. धागे मोजायचं घडीचं पितळी भिंग त्या पिशवीत 'चुकून' आलं. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी सांगितलंच नाही. त्यामुळे तात्यांच्या हिशेबानं ते अजून संपावर आहेत आणि भिंग परत करायची वेळ आलेली नाही.

गिरणी सुटली, वर्गवारी सुटली नाही. थोरला जावई ताग्यातला, धाकटा फेंट. मी कुठल्या ढिगात आहे, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ आमच्या मारुतीपुढं फुटतो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दिवशी गाव भाषण ऐकतं आणि तात्या कॉलरी बघतात. इतके पांढरे कपडे एका जागी एरवी बघायला कुठं मिळतात? "खादी म्हणं! निम्मं टेरिकॉट हाय," असं ते शेजारच्याच्या कानात सांगतात. पण तात्यांचं कुजबुजणं मागावरच्या खडखडाटात घडलेलं, त्यामुळे ते चार रांगा पुढं जातं.

त्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. कुणाचा मुलगा न्यू जर्सीहून येतो, कुणाची लेक दुबईहून. बॅगा उघडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला निम्मा ऐवज तात्यांच्या ओट्यावर येतो. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण आपल्याकडं दात मोजू नयेत म्हणून सांगतात. तात्यांनी बाजारात बैलांचे जबडे उघडून दोनदाती की चारदाती हे पाहिलेलं आहे, तेव्हा ते दातच मोजतात. शर्ट आला की तो आधी उलटा होतो. दर्शनी बाजू म्हणजे नवरीचं तोंड, असं ते म्हणतात, रंगरंगोटी असणारच. मग भिंग लागतं. इंचात चौदा-पंधरा टाके असले तर मान हलते, आठ-नऊ निघाले तर भिंगाची घडी मिटते. चौकड्याच्या शर्टात खिशाचा चौकडा छातीच्या चौकड्याशी जुळला नाही, तर तो शर्ट आणणाऱ्या माणसाबद्दलही तात्यांचं मत बदलतं. अमेरिकेहून आलेला शर्ट आतून बांगलादेशचा निघणं ही आता बातमीच राहिली नाही. तात्या ते लेबल वाचतसुद्धा नाहीत. "गाव बघून पोरगी देत न्हाईत, घर बघून देत्यात."

सगळ्यात धोकादायक त्यांची काडेपेटी. एकदा एका घरात लंडनहून 'शुद्ध लोकरीची' शाल आली. तात्यांनी दशीतला एक धागा ओढला आणि काडी लावली. लोकर जळाली की केस जळाल्याचा वास येतो, सुताला जळक्या कागदाचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मणी झाला. तात्यांनी तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला, अगदी प्रसादासारखा. शाल आणणाऱ्या मुलाची आई त्यानंतर तात्यांशी बोलत नाही. तात्यांना मात्र वाटतं, ती शालीवर रागावली आहे.

अलीकडं त्यांच्याकडं नव्या जातीचं काम येऊ लागलंय. बारामतीत कॉलेजला जाणारी आमची पोरं चीनमधल्या एजंटाकडून बूट मागवतात. एजंट माल आधी आपल्या गोदामात घेतो, त्याचे फोटो पाठवतो, पोरांनी 'ओके' म्हटलं की पार्सल निघतं. या फोटोंना 'क्यूसी' म्हणतात. बूट अर्थातच फर्स्ट कॉपी. एक पोरगा मोबाईल घेऊन आला. एका बाजूला अस्सल बुटाचा फोटो, दुसऱ्या बाजूला नकलेचा.

"तात्या, बघा की, जमलंय का?"

"वास कसा घ्यायचा ह्याचा?" तात्यांनी विचारलं. मग मोबाईल उलटा केला. चित्र आपोआप सुलटं झालं. पुन्हा उलटा केला, पुन्हा सुलटं. सत्तर वर्षांत असली चीज त्यांना पहिल्यांदा भेटली होती. शेवटी त्यांनी फर्मावलं, "त्याला म्हणावं, तळ दाखव." पोरानं भाषांतराच्या अॅपमधून निरोप धाडला, तळाचा फोटो आला. "वाकवून दाखव." आला. "आतला सुखतळा काढून गोंद दाखव." बऱ्याच वेळानं तोही आला. "आता एक धागा काढून जाळ म्हणावं." त्यानंतर एजंटानं उत्तर दिलं नाही, पैसे परत पाठवले.

दुसऱ्या एजंटाचे फोटो तात्यांनी तासभर पाहिले आणि निकाल दिला, "नापास."

"का? टाके तर सरळ आहेत."

"म्हणूनच. अस्सलात टाचंजवळ एक टाका तिरका हाय. ह्यात न्हाय."

पोरगा गप्प झाला. अस्सलातली खोड नकलेत नाही म्हणून चांगला बूट नापास! पण तात्यांचं तर्कशास्त्र पक्कं होतं. ताकासारखं ताकच पाहिजे असेल, तर त्यात दूध निघालेलं कसं चालेल?

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. इकडं गदारोळ झाला आणि मग कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं. २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल. सगळं गाव चिडलं होतं. तात्यांनी पेपर जवळ घेतला, लांब धरला आणि एवढंच विचारलं, "ह्येला कान कुठं हायती?"

तात्यांची पुतणसून बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कात चेकिंगला आहे. ती पाळीभर पीस तपासते: ओके, ऑल्टर, रिजेक्ट. तात्या एका शर्टाला अर्धा दिवस घेतात. "मामंजी, तुमाला आमच्याकडं दुपारच्या आत घरी पाठिवतील," असं ती एकदा हसत म्हणाली. तात्या दोन दिवस तिच्या हातच्या भाकरीचा काठ तपासत जेवले.

आता त्यांच्या स्वतःच्या बुटाबद्दल. अमेरिकेतल्या भाच्यानं नऊ वर्षांपूर्वी पाठवलेला, काळा, चकचकीत. तात्यांनी आपला नंबर नऊ म्हणून कळवला होता. आपला नऊ तिकडं दहा होतो आणि तिकडचा नऊ म्हणजे आपला आठ, हे दोन्हीकडं कुणाच्या ध्यानात आलं नाही. बूट चावायला लागला. पण पास केलेला माल घट्ट होतो, हे सांगायचं कसं? तेव्हा तो 'ठेवणीतला' झाला. दर दिवाळीला खोक्यातून निघायचा, भिंगाखाली जायचा, वरच्या चामड्यावर पाण्याचा थेंब पडायचा, थेंब हळूहळू मुरला की तात्या समाधानानं झाकण लावायचे.

गेल्या वैशाखात शेजारच्या लग्नाला त्यांनी तो मोज्यांशिवाय, दात-ओठ खात चढवला. मांडवापर्यंत नीट गेले. अक्षता पडल्यावर जेवणाच्या रांगेकडं निघाले आणि त्यांच्या मागं काळा चुरा पडू लागला. आधी टाच, मग तळाची ढेकळं. ते तळ पॉलियुरेथेनचे असतात. न वापरता ठेवले, तर हवेतल्या दमटपणानं आतल्या आत सडतात. वापरले असते, तर कदाचित आणखी टिकले असते. पोरं हसायला लागली. एकानं तर मोबाईल काढला आणि ओरडला, "तात्या, क्यूसी!"

तात्या मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. आता काय बोलतात म्हणून मी जवळ गेलो. त्यांनी बूट काढला, सवयीनं उलटा केला. तळ नव्हताच. खिशातून भिंग निघालं. वरच्या चामड्याची शिवण त्यांनी टाचेपासून टोकापर्यंत सावकाश पाहिली. पंगत वाढून झाली होती, काकी लांबून हाका मारत होत्या.

"बघ," त्यांनी बूट माझ्या नाकाशी धरला, "एक टाका सुटला न्हाय."