गणंगाची झोप

मटकीच्या उसळीत दाताखाली कचकन येणारा गणंग घरोघरी शिव्याच खात आला आहे. रात्रभर पाण्यात राहून हा कोरडा तो कोरडाच. पुरचुंडीतल्या भावंडांना लांबलचक मोड फुटले तरी याची समाधी उतरत नाही. माझी आजी भिजलेली मटकी बोटांनी चाचपून असे दाणे वेचायची आणि “मेल्या, उठायचं नाही का तुला?” म्हणत परसात भिरकावायची. पुढे भर पावसात परसाच्या कोपऱ्यात मटकीचा वेल पसरलेला दिसला, की हा कुणी लावला म्हणून नवल करणारीही तीच.

बीजाची झोप हा आळस नव्हे, ती आईने घातलेली शपथ आहे. पहिल्याच सरीला सगळी लेकरे उठली आणि मग पावसाने दडी मारली, तर वंशच बुडायचा. म्हणून पिकत्या दाण्यात ॲब्सिसिक आम्ल अंगाई गात असते, जिबरेलिन उठवायला टपलेले असते, आणि मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपात डॉग-१ नावाचे जनुक झोपेची राखण करते. शिवाय टरफल असते आईच्याच अंगाचे. फुलोऱ्याची वेळ ठरवणारे एफटी हे जनुक तिच्या फळात पुन्हा कामाला लागते, असे २०१४ साली दिसून आले. आईने गारठा सोसला असेल तर ते मंदावते, टरफलात टॅनिन वाढते आणि लेकराची झोप गाढ होते. स्वतः काकडलेल्या आईने मुलाला दोन पांघरुणे जास्त घालावीत, तसे.

माणसाला मात्र धीर कुठला! पेरले की चार दिवसांत उगवलेच पाहिजे. जे लगेच उगवले त्याचेच बी पुढच्या सुगीपर्यंत पोचले, झोपाळू दाणे मागे पडत गेले, आणि हजारो वर्षांच्या शेतीत पिकांची झोप आपण हळूहळू मोडली. पसऱ्या भुईमुगाने ती थोडीफार जपली. उपट्या बिचारा काढणीच्या तोंडावर पाऊस आला की शेंगेतच जागा होतो, आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. आता हैदराबादजवळ इक्रिसॅटमधले शास्त्रज्ञ संकर करून करून त्याला दोन-तीन आठवड्यांची झोप परत मिळवून देताहेत. त्याहून जास्त नको. पुढच्या पेरणीला मुकाट्याने उठायचे, ही अट आहेच.