चिरंजीवांचं वजनमाप

डॅलस

ती. सौ. आईंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "रात्री उशिरापर्यंत हा गॅरेजमध्ये करतो तरी काय?" तेवढ्यात यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचे चिरंजीव पिस्तुलाची काडतुसं भरतात. रेंजवर झाडलेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, नवी टोपी बसवायची, पावडर घालायची, वर गोळी दाबायची. स्वतःपुरतं करायला इथे परवाना लागत नाही. शेजारच्या आजोबांनी हा नाद लावला.

घाबरू नका. चहात साखर अंदाजपंचे टाकणारा तुमचा मुलगा आता ग्रेनचा दहावा भाग मोजतो. 180 ग्रेनचा आपला एक तोळा. नाइन मिलिमीटरच्या काडतुसाला दहा ग्रेनही पावडर लागत नाही. पण ती जळते झपाट्याने आणि जागा इवलीशी, त्यामुळे चिमूटभर जास्त झाली तरी दाब कुठल्या कुठे जातो. या काडतुसाची मर्यादा चौरस इंचाला 35,000 पौंड. आपल्या गाडीच्या टायरात 35 असतो!

म्हणून आजोबांचा दंडक असा: छापील पुस्तकात प्रत्येक पावडरीचे दोन आकडे असतात, सुरुवातीचा आणि कमाल. हात घालायचा तो सुरुवातीच्याच आकड्याला. कमाल आकडा एकच दिला असेल, तर त्यातून दहा टक्के वजा. मग चार-दोन काडतुसं झाडून, पुंगळ्या तपासून, मुंगीच्या पावलाने वर. तेही पावडर, गोळीचं वजन, आकार सगळं पुस्तकातलंच असेल तर. गोळी जरा खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब वाढतो. "मधला आकडा धरला तर?" असं यांनी विचारलं, तेव्हा आजोबांनी पुस्तक मिटून चष्मा काढला. दोघंही बराच वेळ बोलले नाहीत.

मी म्हटलं, मग पुस्तकाहूनही कमीच घाला की! तर तेही चालत नाही. फार कमी पावडरीने गोळी नळीतच अडकू शकते आणि मागून दुसरी आली की नळी फुटू शकते. .38 स्पेशलचं दुखणं वेगळंच. ते 1898च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या हिशोबाने केलेलं, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. आताच्या पावडरीचं माप चुकून दोनदा पडलं तरी वरून कळत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी हे बॅटरी घेऊन एकेका पुंगळीत डोकावतात. देवघरात तरी इतकं वाकले होते का कधी?

वाऱ्याने तराजू हलतो म्हणून पंखा बंद. जुलैतलं टेक्सास, बंद गॅरेज आणि घामाघूम चिरंजीव! टेबलावर एका वेळी एकच डबा, म्हणजे पावडरींची अदलाबदल नको. काम संपलं की हाताचं शिसं जावं म्हणून साबणाने हात धुणं. जेवायच्या आधी हात धुवा म्हणून मी वीस वर्षं सांगत होते, ते आजोबांच्या एका वाक्यात जमलं.

भाऊजींना सांगा, दिवाळीला येताना यातलं काहीही आणणार नाही. तिकडे 1959चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. आणि आई, कृपा करून मावशींना "मुलगा घरात बॉम्ब करतो" असं सांगू नका. त्या सगळ्या सोसायटीला सांगतील.

तुमची सून